आठवी

नोंदवहीत सात आहेत.
कपाटामागे, ओल धरलेल्या भिंतीशी
मी मोजते तेव्हा आठ.

हातभर लांब, मनगटाहून थोडी जाड,
पोलादी, आणि आडवी पडलेली.
आडवी!
केंकरे सर असते तर त्यांनी
आधी तिच्याकडे नाही, साखळीकडे बघितलं असतं,
मग माझ्याकडे.

दोनापावलाच्या या कड्यावर
खारा वारा आधी कागद खातो, मग लोखंड.
लेबलाचं शेपूट तेवढं उरलंय: ‘…ाईड’.
क्लोराईड असेल, सल्फाईड असेल,
सायनाईड असेल.
रंगावरून ओळखावी तर रंग गंजाचा.
विजेरीच्या उजेडात खांद्यावर ठोकलेला आकडा दिसतो, ८७.
गोवा राज्य झालं ते साल. मी चौथीत होते,
शाळेत पेढा मिळाला होता.
तेव्हापासून ही आत दम धरून.

मेल्विन म्हणतो, मॅडम, हूडखाली नेऊन
जरासा नॉब सैल करू? रेग्युलेटर बसेल,
या लहान बाटल्यांना आटा एकच असतो.
तेच तर, मी म्हणते.
नायट्रोजनचा आणि विषाचा आटा एकच.
वजन करावं तर उचलावी लागेल,
आणि उचलायला गळ्याशी हात न्यावा
तर तिथेच हिरवट बुरशीसारखं काहीतरी फुललंय.
मेल्विनने हात मागे घेतला.
हुशार पोरगा. उतावीळ, पण हुशार.

सर सांगायचे, क्लोरीन आणि अमोनिया
बोलणं तुटलेल्या भावांसारखे,
एका पंगतीला बसवू नका.
ऑक्सिजनच्या आट्याला तेलाचा बोट नको,
सकाळी कुणी केसांना खोबरेल चोपडून आलं
तर हात धुवायला पाठवायचे, दोनदा.
आम्ही हसायचो.
साबणाचा फेस लावून गळती बघायची असते,
त्या फेसाकडे ते
लहान मुलासारखे वाकून बघत बसायचे,
एकही बुडबुडा फुगला नाही की खूश.

रविवारी रायबंदरला गेले.
लेकीने त्यांना खुर्चीत बसवलं होतं, मांडवीकडे तोंड करून,
एक पट्टा छातीवरून, कलंडू नयेत म्हणून.
पट्टा बरोबर उंचीवर होता,
मध्याच्या वर, गळ्याच्या खाली.
शिकवलं असेल त्यांनीच कधीतरी.

सर, मी विचारलं, आठवी बाटली कुणाची?
सत्त्याऐंशीची. कपाटामागे.
चोडणची फेरीबोट सुटली, त्यांनी ती पार पोचेपर्यंत पाहिली.
मग अगदी स्वच्छ, वर्गातल्या आवाजात म्हणाले,
“वास घेवूं नाका.”
आणि मला विचारलं,
तू कुणाची गे?

लेक आत चहा करत होती.
मी माझं नाव सांगितलं. मग गावाचं.
मग बापाचं.

सोमवारी खोलीला कुलूप, दारावर पाटी,
पंखा चालू, किल्ली माझ्या गळ्यात.
वेर्ण्याहून माणसं येतील मंगळवारी,
वाळू भरलेला पिंप आणि तोंडाला मुखवटे घेऊन.
तोवर कुणी तिला हात लावणार नाही,
धीर द्यायलासुद्धा नाही.
नोंदवहीत लिहिलं:
आठ. अज्ञात. उघडलेली नाही.
नोकरीच्या बावीस वर्षांत
‘माहीत नाही’ असं मी शाईने पहिल्यांदाच लिहिलं.

उरलेल्या सात जणींसाठी
बिस्किटांच्या डब्याचा पत्रा कापून बिल्ले केले.
शाई इथे टिकत नाही,
म्हणून खिळ्याने टिंबं ठोकत नावं काढली, एकेक अक्षर,
बाहेर व्हरांड्यात बसून, त्यांच्यापासून लांब.
समोर मुरगांवला एक जहाज
नांगरून उभं होतं, दिवसभर, काही न करता.

पत्रा थोडा उरला. आठवा बिल्ला झाला.
त्यावर काय लिहावं ते कळेना.
तारीख ठोकली.